उजवीकडे कलणारी गाडी

“ह्यांचं आरडणं मनावर घिऊ नगंस. आरडत्यात तवर माणूस जाग्यावर हाय म्हणायचं. गप्प बसलं, की मातर उठून बघत जा,” असं धोंडुबाईंनी सुनेला एकदा बजावलं होतं. अनुजा तेव्हा तान्ह्या राजनंदिनीच्या काखेत थर्मामीटर धरून बसली होती. तिनं “हो आई” म्हटलं आणि पुन्हा थर्मामीटरकडं बघत राहिली. तिच्या काळज्यांची रांग मोठी होती. विजेची बटणं, जिना, अख्खी द्राक्षं, गल्लीतलं कुत्रं. त्या रांगेत गप्प बसलेल्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती.

धोंडुबाईंना जाऊन आता वर्ष उलटलं होतं. मागं राहिले त्यांचे मालक कृष्णात, ज्यांना टेंबलाई टेकडीच्या उतारावरची ती अख्खी गल्ली आबा म्हणायची. आणि पोर्चमध्ये राहिली आबांची लाल स्पोर्ट्स कार. फौंड्रीतून रिटायर झाल्यावर आबांनी ती कुणाची तरी वापरलेली आणली, तेव्हा धोंडुबाईंनी दारातच विचारलं होतं, “दोनच शिटा? मग नातवंडं काय टपावर बसवायची? आन् टप तर कापडाचा हाय.” पुढं मात्र दर पौर्णिमेला तोंडाला मफलर गुंडाळून त्याच डाव्या बाजूच्या सीटवर बसून नृसिंहवाडीला जाऊ लागल्या. देवाला जायची गाडी म्हणून तिच्यात चपला काढूनच पाय ठेवायचा, हा नियमही त्यांचाच.

वर्षभर गाडी जागची हलली नव्हती, आठवड्याला इंजिन तेवढं सुरू केलं जायचं. आधीच थकलेल्या पुढच्या स्प्रिंगा आणखी दबल्या, आणि गाडी पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी नाक खाली घालून उभी राहिली. अनुजाला त्या जागी मोठी, चार दारांची, मागच्या सीटवर लेकराची खुर्ची बसेल अशी गाडी हवी होती. तिनं आडून आडून नवऱ्याला, ऋतुराजला सांगितलं, ऋतुराजनं घाबरत घाबरत आबांना विचारलं. दोघंही आता घर डोक्यावर घेतलं जाणार म्हणून श्वास रोखून बसले. आबा म्हणाले, “विका की.” एवढंच बोलून ते आत गेले. किती समजूतदारपणे घेतलं, असं अनुजाला वाटलं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

गिऱ्हाईक मलकापूरचं मिळालं. त्या पाहुण्यांचा रस्त्याकडेला ढाबा होता. गाडी ढाब्यासमोर उभी करायची, लोक तिला टेकून फोटो काढतील, मग जेवतील, असा त्यांचा हिशेब. चालवायची नव्हतीच. अट एकच, गाडी सरळ उभी पाहिजे, फोटोत वाकडी दिसायला नको. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, त्यामुळे ऋतुराजनं कागलच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाकडून जुन्या नमुन्यावर नव्या स्प्रिंगा करून घेतल्या. रविवारी सकाळी त्या बसवायच्या, संध्याकाळी पाहुणे येऊन गाडी नेणार.

स्प्रिंगा बसवायला उद्यमनगरातला केरबा मेस्त्री आला. मदतीला समोरच्या घरातले विजयसिंह आले. ते जुने पैलवान. तालीम सुटली होती, वजन सुटलं नव्हतं. अनुजानं आदल्या दिवशी मोबाईलवर वाचून ठेवलं होतं की दाबलेली स्प्रिंग निसटली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. तिनं घरातली आणि शेजारची मिळून तीन हेल्मेटं आणली आणि ऋतुराजसकट तिघांच्या डोक्यावर चढवूनच त्यांना पोर्चमध्ये सोडलं. केरबानं रस्त्यावर कधी हेल्मेट घातलं नव्हतं.

“वयनी, माझं लगीन झालं तवाबी एवढा मुंडावळ्यांचा तरास झाला न्हवता,” तो गाडीखालून म्हणाला.

दुपारपर्यंत जुन्या स्प्रिंगा निघाल्या, नव्या बसल्या, चाकं लागली. गाडी जॅकवरून खाली घेऊन केरबानं चाकांमागं दगड लावले, कारण हँडब्रेक कधीचाच गेला होता. जेवून आल्यावर उंची बघू, असं ठरलं. जेवणं झाली. अनुजाच्या मनात आलं, उघड्या खिडकीतून नंदिनी गाडीत चढली तर? म्हणून तिनं गाडीचं रुपेरी कव्हर काचेपासून मागच्या टोकापर्यंत ओढून घेतलं आणि दोरी खालून घेऊन गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक गाठ मारली. आता आत मुंगीसुद्धा जाणार नव्हती. मग ती आबांना बघायला वळली. खोलीचं दार ओढलेलं होतं, चपला पायरीवर होत्या. आबा झोपलेत, असं तिनं सगळ्यांना सांगितलं आणि हळू बोलायची ताकीद दिली.

केरबानं चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या जागेत बोटं घातली. डावीकडं चार बोटं मावली. उजवीकडं तीनच.

नवी स्प्रिंग आहे, बसायला वेळ लागतो, असं केरबाचं मत पडलं. मग डावीही बसू दे म्हणून विजयसिंहांना डाव्या बंपरवर बसवलं. ते बसले की गाडी सरळ, उठले की पुन्हा उजवीकडं. शेवटी गाडी जॅकवर चढवून डावीची स्प्रिंग उजवीकडं आणि उजवीची डावीकडं केली. तासाभरानं गाडी खाली आली आणि शांतपणे उजवीकडंच कलली. ऋतुराजनं कागलला फोन लावून ओळखीच्या माणसाशी भांडण काढलं. त्यानं स्प्रिंग निर्दोष असल्याचं सांगून कोल्हापूरच्या मेस्त्र्यांबद्दल दोन शब्द काढले, ते स्पीकरवर केरबानं ऐकले, आणि त्याला समजवायला आणखी एक चहा करावा लागला. या सगळ्यात अनुजा चौदा वेळा तरी ओठांवर बोट ठेवून दाराशी आली. आबा झोपलेत, जरा गप्प बसा.

शेवटी दोष पोर्चच्या फरशीवर आला. गाडी मागं ढकलून गेटबाहेर रस्त्यावर घ्यायची आणि तिथं उंची बघायची, असं ठरलं. रस्त्यावर कुणी येत नाही ना ते बघायला नंदिनीला कडेवर घेऊन अनुजा गेटबाहेर उभी राहिली. दिवे लागायची वेळ झाली होती. आत तिघांनी दगड काढले आणि नाकाकडून रेटा दिला.

“सकाळी दोघांनी ढकललीती की रं,” विजयसिंह धापा टाकत म्हणाले. “आता काय झालं हिला?”

“नव्या स्प्रिंगा जड असतील,” केरबा म्हणाला.

पुन्हा रेटा बसला. मागची चाकं गेटच्या उंबऱ्यावरून उतरली आणि तिथून पुढं गाडीला कुणाची गरज उरली नाही. ती मागच्या मागं उताराला लागली. तिघं तीन दिशांनी तिला धरायला धावले आणि तिघांच्याही हाती एकमेकांची हेल्मेटं आली. नेमकी तेव्हाच समोर, गटाराला लागून, मलकापूरच्या पाहुण्यांची जीप येऊन थांबली होती. पाहुणे उतरून धोतर सावरत होते. लाल गाडी त्यांच्या रोखानं आली, आणि जीपपासून हातभर अंतरावर गचकन थांबली.

केरबानं कानाला हात लावले. “दत्तगुरूंची गाडी हाय ही. दर पुनवंला वाडीला जाऊन सवय लागलीया तिला.”

पण अनुजा मागच्या बाजूला उभी होती. तिला रुपेरी कव्हराखाली दोन लाल ठिपके दिसत होते. ती बघतच राहिली. गाडीचा मागचा लाल दिवा कधी लागतो, हे तिला माहीत होतं. ब्रेकवर पाय असला की. आणि पाय असायला माणूस लागतो. नंदिनीला विजयसिंहांच्या हाती देऊन ती दोरीला भिडली. पहिली गाठ सुटेना, दुसरी सुटेना, तिसरी तिनं दातांनी सोडवली. दुपारी केवढ्या हौसेनं मारल्या होत्या तिनं.

कव्हर सरकलं. आत आबा बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, अनवाणी पाय ब्रेकवर. शेजारच्या सीटवर घडी घातलेला लोकरी मफलर.

“आधी दगड लावा चाकाला,” आबा हळूच म्हणाले. “पाय सोडला तर जाईन की खाली.”

पळापळ झाली, दगड लागले. पाहुणे जवळ येऊन वाकून बघत म्हणाले, “पावणं, गाडी माणसासकट द्यायची हाय व्हय? आमचं तसं बोलणं झालं न्हवतं.”

अनुजाला हसू येईना. जेवण होताच आबा चपला पायरीवर काढून गाडीत येऊन बसले होते. रोजच बसत होते म्हणे, ती लेकराला झोपवायची त्या वेळी. आज शेवटचं बसू म्हणून आले, सीट मागं पाडून आडवे झाले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळं बांधलेलं होतं आणि बाहेर त्यांच्या गाडीचं माप चाललं होतं.

“आबा, हाक का नाही मारलीत हो?” तिनं विचारलं.

“कशी मारू? तूच सगळ्यांस्नी सांगत हुतीस न्हवं, आबा झोपलेत, गप्प बसा म्हणून. मग बसलो गप्प. दुपारपास्नं वर जातोय, खाली येतोय, जत्रंतल्या पाळण्यावानी.”

ते उतरले तशी गाडी सरळ झाली. केरबानं बोटं घातली. डावीकडं चार, उजवीकडं चार. आबा पुन्हा बसले, उजवीकडं तीन. आबाच बोलले, “स्प्रिंगा बरोबर हायत रं केरबा. डावी शीट रिकामी हाय, म्हणून कलती.”

विजयसिंहांनी नंदिनीला अनुजाकडं परत दिलं आणि लगेच स्वतःला देऊ केलं. ते डावीकडं बसताच गाडी त्यांच्या बाजूला अशी झुकली की आबा सीटवरून घसरून त्यांच्या खांद्याला टेकले. “उतर, उतर,” आबा एकदम कडाडले, “स्प्रिंग न्हवं, चासी वाकवशील. आन् केरबा, चाकाच्या बोल्टास्नी पुन्यांदा पाना मार, नुसता बघत काय उभारलाईस?” गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आबांचा असा आवाज वर्षभरात कुणी ऐकला नव्हता. अनुजाला एकाएकी सासूबाईंचे शब्द आठवले. काखेत थर्मामीटर, आणि तिनं फक्त ‘हो आई’ म्हटलेलं.

तिनं नंदिनीला ऋतुराजकडं दिलं. चपला काढून आबांच्या चपलांशेजारी पायरीवर ठेवल्या. येताना केरबाच्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवून स्वतःच्या डोक्यावर चढवलं, मफलर मांडीवर घेतला आणि डाव्या सीटवर बसली. आबांनी तिच्याकडं बघितलं, केरबाकडं बघितलं. केरबानं खाली वाकून बोटं घातली आणि मान डोलावली.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं होतं. आबा सायकलवाल्यावर ओरडले, खड्ड्यावर ओरडले, गिअरवर ओरडले, आणि “पोरी, हेल्मेट कशाला घातलंईस, पंधराच्या वर काटा गेला न्हाय” म्हणून तिच्यावरही ओरडले. इतकी निर्धास्त ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. मलकापूरच्या पाहुण्यांनी चहा घेतला, गाडीला टेकून एक फोटो काढून घेतला आणि रिकाम्या हातानं जीप वळवली.

आता पौर्णिमेला दोघं वाडीला जातात. मोठ्या गाडीचा विषय निघाला की अनुजाच तो पुढच्या वर्षावर ढकलते. काळज्यांची रांग आहे तशीच आहे, फक्त आता तिच्यात एक नंबर पुढं आलाय. भेटेल त्याला ती एकच विचारते, तेच तुम्हालाही विचारायला सांगितलंय तिनं. तुमच्या घरी कुणी अलीकडं ‘बरं’, ‘चालेल’, ‘विका की’ एवढंच बोलतंय का? पायरीवर चपला दिसतात म्हणून थांबू नका. हे वाचून झालं की जरा उठा, आणि एकदा आत जाऊन बघून या.