सोबत घरचं एक माणूस

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत घरचं एक माणूस आणावं, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं.

"एकच? मी पाच आणतो!" घड्याळजींनी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं.

घरात एकही नव्हतं, ही गोष्ट वेगळी! पण तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांना एक खोड लागली होती. सुटा भाग एक लागणार असला, तरी मागवायचे चार. त्यांनी एकाचं दुसऱ्याला न सांगता सगळ्यांनाच फोन केले. कोणीतरी येईलच!

आणि सगळेच आले!

"घरचं माणूस कोण?" फॉर्म घेऊन आलेल्या नर्सने विचारलं. पाच हात वर झाले.

"मी बायको. म्हणजे, होते."

"मी नवरा."

"यांचा?"

"छे हो, हिचा! आत्ताचा."

"आम्ही यांच्या वरच्या मजल्यावर राहतो," दोघी एका सुरात म्हणाल्या. "आमची मुलगी यांना आजोबा म्हणते."

"मुलीची आई कोण?"

"दोघी!"

"आणि मी भाऊ," कोपऱ्यातला टक्कलवाला म्हणाला. "यांच्या सावत्र आईच्या पहिल्या नवऱ्यापासूनचा."

फॉर्मवर नात्यासाठी जागा होती बोटभर! "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणून नर्स निघून गेली.

आत टेबलावर घड्याळजींना बाहेरचं हसणं ऐकू येत होतं. त्यांना धन्य धन्य वाटलं. एवढी माझी माणसं!

डोळ्याला पट्टी लावून बाहेर आले, तर बाकडं रिकामं.

त्यांनी फोन लावले. जो तो म्हणाला, "अहो, एवढी माणसं होती, म्हटलं कोणीतरी थांबलंच असेल!"

"घरच्या माणसाशिवाय सोडता येणार नाही हं, काका," नर्स म्हणाली. दोन तास गेले. इतकं एकटं त्यांना रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा नवरा धापा टाकत आला. "माझी छत्री राहिली इथे!"

बाकड्यामागची छत्री त्याने उचलली, तोच नर्सने त्याला धरलं आणि सही घेतली. नात्याची जागा कोरीच राहिली.

त्याने घड्याळजींना हात धरून घरापर्यंत आणलं. "आहे ना कोणी घरात?"

"आहेत की! वाटच बघत असतील," म्हणत घड्याळजींनी किल्ली कुलपात घातली. ती फिरेना.

"अहो, ही पाटी शेजाऱ्यांची," म्हणत त्याने त्यांना हळूच पुढच्या दाराशी नेलं. तिथेही बाहेरून कुलूपच होतं. दोघांनीही ते न पाहिल्यासारखं केलं.

त्याने कुलूप उघडून दिलं, पाणी दिलं आणि निघाला. छत्री पुन्हा राहिली, घरातल्या खुर्चीला अडकलेली.

घड्याळजींना एका डोळ्यानेही ती स्वच्छ दिसली. पण त्यांनी हाक मारली नाही!