पाचवा समानार्थी शब्द

माणसाची किंमत त्याच्या गुणांवरून ठरते आणि गुण परीक्षेत मिळतात, याबद्दल आता कुठेही दुमत उरलेलं नाही. ज्याला गुण हवेत त्याला गुणवाचक विशेषणं यायला हवीत, हेही ओघानंच आलं. पण एक विशेषण येऊन भागत नाही, त्याच अर्थाची आणखी पाच यावी लागतात, असं शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या शाळेनं प्रवेश परीक्षेच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं, आणि चष्मेवाल्यांच्या घरात नवं पर्व सुरू झालं.

चष्मेवाल्यांना एकच मुलगी, वय साडेआठ. (यापुढे तिला 'पाल्य' म्हणू, अर्जात तसंच लिहिलं आहे.) पाल्य तोवर एकाच विशेषणावर सुखानं जगत होती. तिला खाऊ छान लागे, शेजारच्या शिंप्याची मुलगी छान वाटे, आणि शाळेला सुट्टी पडली की तेही छान वाटे. एवढा सगळा भार एका शब्दावर टाकणं ही शुद्ध हयगय आहे, असं निदान शिकवणीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी केलं.

पाल्याची आई पाणीपुरवठा कार्यालयात नागरिकांसाठी सूचना लिहायची. तिनं त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर नियमावली चिकटवली. घरात 'छान', 'मस्त' आणि 'बरं' या शब्दांचा वापर पुढील आदेशापर्यंत बंद राहील. कोणतंही विशेषण उच्चारल्यास त्याचे पाच समानार्थी शब्द तत्काळ सादर करावेत. जेवताना सवलत मिळणार नाही. (तोंडात घास असल्यास तो गिळेपर्यंत मुदत.) होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. हे शेवटचं कलम हाताच्या सवयीनं पडलं होतं, पण खोडलं नाही, आणि पुढे तेवढंच खरं ठरलं.

फायदे लगेच दिसू लागले. वीस मिनिटांचं जेवण पंचावन्न मिनिटांवर गेलं, म्हणजे कुटुंबाचा सहवास जवळजवळ तिपटीनं वाढला. भाजी खारट झाल्याचं रीतसर जाहीर होईपर्यंत ती संपलेली असे, त्यामुळे तक्रारी थांबल्या. चष्मेवाल्यांनी तर विशेषणं वापरणंच सोडलं. चहा गरम आहे असं म्हटलं की आणखी पाच शब्द द्यावे लागणार, त्यापेक्षा ते जीभ भाजून घेऊन गप्प बसत.

पण मुलीच्या बाबतीत ते हात आखडता घेणारे नव्हते. दुपारी शाळा सुटली की पाल्य त्यांच्या चष्म्याच्या दुकानात येऊन बसे आणि तेवढे दोन तास वाया जात. चष्मेवाल्यांनी डोळे तपासण्याचा जुना तक्ता उतरवला. त्याच्यावर आपली सुटी सुटी, बिनकामाची अक्षरं. त्या जागी त्यांनी स्वतः रंगवलेला नवा तक्ता लावला. सगळ्यांत वर हातभर अक्षरांत 'सुंदर', त्याखाली 'सुरेख', मग 'मोहक', 'रमणीय', 'मनोज्ञ', आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'चित्ताकर्षक'. डोळे गिऱ्हाइकाचे तपासले जातील आणि उजळणी पाल्याची होईल, अशी ही एका दगडात दोन पक्षी मारणारी योजना होती.

पहिले आले निवृत्त मुख्याध्यापक. पायरी चुकल्यामुळे ते हातांवरच आत आले. खुर्चीत बसून त्यांनी 'सुंदर' वाचलं आणि तिथून न थांबता थेट 'चित्ताकर्षक'पर्यंत उतरले. वर तक्त्यावर नसलेले 'नयनमनोहर' आणि 'विलोभनीय' हेही वाचून दाखवले. अशी दृष्टी चष्मेवाल्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती. चष्म्याची गरज नाही असा शेरा घेऊन मुख्याध्यापक बाहेर पडले, समोरच्या टपालपेटीला नमस्कार केला आणि घरचे सगळे कसे आहेत म्हणून बराच वेळ विचारत उभे राहिले.

मग आला नळदुरुस्तीवाला. रस्त्याच्या पलीकडून गळती ओळखणारा माणूस, त्याच्या वहिनींनी धरून आणलेला. तो 'मनोज्ञ'पाशी अडला. "हे काय लिहिलंय तेच कळत नाही," म्हणाला. कळत नाही म्हटल्यावर चष्मेवाल्यांनी भिंग बदललं. तरी कळेना. आणखी एक बदललं. अखेर उणे दोनचा चष्मा लागला, आणि त्या दिवसापासून त्याला सगळे नळ हाताच्या वीतभर पलीकडे दिसू लागले. पहिल्या महिन्यात अशी एकूण एकतीस माणसं तपासली गेली. वाचन असलेल्यांचे डोळे सरसकट उत्तम निघाले आणि कष्टकऱ्यांचे अधू. चष्मेवाल्यांना यात शिक्षणाचं महत्त्व दिसलं.

पाल्याची प्रगती मात्र खरोखर डोळ्यांत भरण्यासारखी होती. शिंप्याच्या मुलीनं एकदा तिच्यासाठी चित्र काढून आणलं. दोन मुली, एकीच्या हातात कात्री, एकीला चष्मा, वर पिवळा सूर्य. कसं झालंय, असं तिनं विचारलं. पाल्यानं ताठ उभं राहून सांगितलं, "सुरेख, मोहक, रमणीय, मनोज्ञ, चित्ताकर्षक."  शिंप्याची मुलगी "चिडवतेस होय?" म्हणाली, चित्र घेतलं आणि निघून गेली. त्यानंतर ती खेळायला आली नाही. यामुळे रोजची चाळीस मिनिटं वाचली, अशी नोंद आईनं वेळापत्रकात केली.

परीक्षेच्या आठवडाभर आधी पाल्य दुकानात आली ती दप्तर न उतरवताच तपासणीच्या खुर्चीत चढून बसली.

"बाबा, मी उदास आहे."

चष्मेवाले एका चौकटीचा स्क्रू पिळत होते. "उदास," ते म्हणाले. "पुढे?"

"खिन्न."

"हं."

"विषण्ण. म्लान." मग बऱ्याच वेळानं, "उद्विग्न."

"चार झाले. एक राहिला."

 चष्मेवाल्यांनी वर पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. हा त्यांच्या धंद्याचाच विषय. त्यांनी तत्काळ तिचे डोळे तपासले, तक्ता वाचून घेतला (तिनं तो मिटल्या डोळ्यांनी वाचला), 'दृष्टी निर्दोष' असं लिहिलं आणि उजळणीच्या वहीत पाचपैकी चार गुण दिले.

परीक्षा झाली. पाल्याला एक गुण कमी पडला आणि ती प्रतीक्षा यादीत पहिली आली. शाळा पालकांना उत्तरपत्रिका दहा मिनिटं दाखवते. (हात लावू देत नाही.) अकरावा प्रश्न: 'उदास' या शब्दाला पाच समानार्थी शब्द लिहा. पाल्यानं खिन्न, विषण्ण, म्लान, उद्विग्न हे नीट ओळीनं लिहिले होते. पाचव्या जागी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मी'. शेजारी लाल शाईत शेरा होता: सर्वनाम. विशेषण अपेक्षित. शून्य.

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर तेवढंच राहिलं आणि स्वच्छ दिसलं. तीस वर्षं लोकांना 'आता नीट दिसतंय का' म्हणून विचारणाऱ्या त्या माणसाला तिथे, लाकडी बाकावर, स्वतःची विलक्षण लाज वाटली. दहा मिनिटांतली उरलेली सात त्यांनी त्या एका अक्षराकडे बघण्यात घालवली.

दुकानात परतल्यावर त्यांनी रंगवलेला तक्ता उतरवला आणि बिनकामाच्या अक्षरांचा जुना लावला. मग खुर्चीशेजारी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "छकुले, उदास होतीस होय गं?"

"हो."

चष्मेवाले सवयीनं थांबले.

"एवढंच," ती म्हणाली. "एकच आहे."

त्यांनी तिचा हात धरला आणि तिला शिंप्याकडे नेलं. चित्र शिवणयंत्राच्या खणात नीट घडी घालून ठेवलेलं होतं. ते बघून छकुली म्हणाली, "छान आहे." शिंप्याची मुलगी म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना." एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

आठवड्यानं जागा रिकामी झाल्याचं शाळेचं पत्र आलं. काय उत्तर लिहू, म्हणून आईनं कागद ओढला. "नको, असं लिही," चष्मेवाले म्हणाले. नुसतं नको? असं तिनं विचारलं. नुसतं नको, असं त्यांनी सांगितलं. तिनं तसंच लिहिलं आणि खाली हाताच्या सवयीनं गैरसोयीबद्दल क्षमस्व टाकलं. मग स्वयंपाकघराच्या दारावरची नियमावली तिनं स्वतः काढली.

आता वाचकांविषयी दोन शब्द. मुलगी त्या खुर्चीत बसून चारावर अडली, तेव्हा ती का उदास होती हे तुम्हांला पुरतं ठाऊक होतं. त्या प्रसंगाच्या आधीच्याच परिच्छेदात ते साध्या मराठीत दिलेलं आहे. तरीही ज्यांनी मनातल्या मनात 'दुःखी' किंवा 'कष्टी' असा पाचवा शब्द पुरवला, त्यांनी संकोच करू नये. शाळेतली ती जागा अजून रिकामी आहे, आणि योग्य उमेदवार मिळाल्यास वयाची अट शिथिल करण्यात येईल.