एका वाटीचं नाणं

मुलांनो, मांडी घालून बसा. मधे बोलायचं नाही.

एका जंगलात एक गड होता. गव्याचं राज्य होतं. एकदा कोळसुंद्यांनी, म्हणजे रानकुत्र्यांनी, गडाला वेढा घातला. सहा महिने झाले, तरी हलेनात.

गडावर नाचणी भरपूर होती. गेनबा साळिंदर हा तिथला तांबट. त्यानं स्वतः ठोकलेल्या मोठ्या हंड्यात सगळ्यांची पेज शिजे. कच्ची नाचणी कोणाला पचत नसे. गड त्या हंड्यावर जगत होता.

खजिना मात्र संपला. दरवाज्यावरची रानडुकरं म्हणाली, "पगार नाही, तर पहारा नाही."

प्रधान होता मुंगूस. तो म्हणाला, "नाणी पाडा. एका नाण्याला एक वाटी पेज."

घागरी वितळल्या. पराती वितळल्या. देवळातली घंटाही गेली. तरी चाळीस डुकरांचा पगार राहिला. मुंगसानं हंड्याकडे बोट दाखवलं.

गेनबाचे काटे उभे राहिले. "प्रधानजी, मग पेज कशात शिजवायची?"

"तू तांबट. तू तांब्याचं बघ. पेजेचं मी बघतो."

"अहो, पण..."

"गेनबा," राजा म्हणाला, "दरवाज्यावर कोणी नसलं, तर तुझा हंडा तरी राहील का?"

गेनबानं घण उचलला. त्यानं हंडा फोडला. काम मात्र चोख केलं. नाण्यावर वाटी अशी सुबक उठली, की बघणाऱ्याला भूक लागावी.

पगार झाला. डुकरं नाचली. सकाळी मुदपाकखान्यापुढे रांग लागली. चूल होती. नाचणी होती. हंडा रांगेत उभा होता, प्रत्येकाच्या मुठीत थोडा थोडा.

डुकरं उपाशीच पहाऱ्यावर गेली. खाली कोळसुंद्यांच्या हंड्यातून वाफ निघत होती.

"ए, एकेक वाटी द्या रे! रोख देतो!" एकानं नाणं खाली फेकलं.

कोळसुंद्यांच्या नाईकानं ते उलटसुलट पाहिलं. "झकास आहे. पण हे गडातलं नाणं. बाहेर चालत नाही."

डुकरांनी विचार केला. "मग तुम्हीच आत या की!"

आणि अडसर काढला.

गेनबा धावत आला. "अरे गाढवांनो, त्यांच्या हंड्यात काय आहे ते तरी विचारा!"

"पगार आमचा आहे, गेनबा. आम्ही कुठंही खर्च करू."

कोळसुंदे हंडा घेऊन आत आले. हंड्यात नुसतं पाणी उकळत होतं.

काट्यांमुळे गेनबाला कोणी तोंड लावलं नाही. तो नाणी वेचत बसला. नवा हंडा होईल एवढी भरली. पेज प्यायला कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य : पगार वेळेवर झाला, की वेढा उठतोच.