मान हंबीररावांचा, नळी सुनेची

शिवाजी पेठेतल्या हंबीररावांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या घरात गणपतीची आरतीसुद्धा त्यांनी तोंड उघडल्याशिवाय सुरू होत नाही, तिथं पत्त्यांच्या डावात त्यांनी दुसऱ्याच्या मागनं का बोलायचं?

"आण्णा, पाळी फिरती ह्यात," मुलगा विश्वजित समजावत होता. हा नवा डाव तो पुण्याहून शिकून आला होता. हातात दोन पत्ते, मधे एकेक करत पाच उघडायचे, आणि सगळ्यांतले पाच धरून ज्याचा मेळ भारी तो जिंकला. "पहिल्यांदा बोलणाऱ्याचा तोटा असतोय. दुसऱ्यांचं मन कळायच्या आत बोलाय लागतंय."

"पाळी फिरंल, मान फिरत न्हाय! दरवेळी पहिला मीच बोलणार."

आत बायको धोंडुबाईंचं रविवारचं मटण रटरटत होतं. त्यात नळी एकच, आणि ती जिंकणाऱ्याची ठरली होती. लग्न झाल्यापासून नळी हंबीररावांच्याच ताटात पडत आलेली. ती डावावर लावणं म्हणजे त्यांना सरळसरळ बंड वाटत होतं. सून राजनंदिनी आणि तालमीतला जुना जोडीदार चमन धरून चौघे बसले. पैशाऐवजी चिंचोके. एका वेळी दोनच चढवायचे; मग बाकीच्यांनी तेवढे लावायचे, नाहीतर पत्ते टाकायचे. कुणीच चढवलं नाही, सगळे थांबले, तर पुढचा पत्ता फुकटात.

"दोनच? हे काय बायकांची भिशी हाय व्हय?" हंबीरराव गरजले आणि पत्ते उचलले.

दोन एक्के! अशी खिल्लारी जोड, की त्यांची मिशी आपसूक वर गेली आणि ती बघून भिंतीवरची पाल फोटोमागं लपली. पण आता चढवलं तर सगळे पळणार. हंबीररावांनी मुरलेल्या पैलवानासारखं अंग चोरलं. पोरं येऊ देत अंगावर, मग आपटू.

"थांबतो," ते म्हणाले.

"वस्ताद थांबला, आपुन कुठं पुढं जायचं?" चमननं कानाला हात लावला. "थांबलो."

"आण्णांच्या पुढं कसं जायचं? मी पण थांबले," राजनंदिनी म्हणाली. विश्वजितही थांबला.

राणी, नव्वी, दुर्री उघडली. हंबीरराव थांबले, सगळे अदबीनं थांबले. चौथी सत्ती आली. पुन्हा तेच.

"आरं, कुणीतरी चढवा की! मी थांबलोय, तुमचं हात कुणी बांधल्यात?"

"असं कसं, वस्ताद? रीतभात हाय का न्हाय?"

पाचवी छक्की पडल्यावर मात्र हंबीररावांनी अख्खा ढीगच पुढं लोटला.

"दोनच, आण्णा," विश्वजितनं अडवलं.

दात खात त्यांनी दोन लावले. चमन आणि विश्वजितनं पत्ते टाकले. राजनंदिनीनं हळूच दोन चढवले. यांनी चढवले, तिनं चढवले. एका घावात मारायचं सोडून कुणी चिमटे काढत जीव घ्यावा, तसा त्यांचा ढीग संपला.

"एक्के!" हंबीररावांनी पत्ते आपटले.

राजनंदिनीनं दुर्री आणि सत्ती ठेवली. मधल्या पत्त्यांशी दोन जोड्या जुळत होत्या. त्यांच्या एका जोडीवर भारी.

"असला कचरा घेऊन बसलीसच कशी तू?"

"टाकणारच हुते, आण्णा. तुम्ही सुरवातीला दोन लावला असतासा तर तवाच पत्तं टाकलं असतं. पण तुम्ही थांबलासा, मग फुकटात बघाय मिळालं."

"म्हणून सांगत हुतो," विश्वजित म्हणाला, "पहिल्यांदा बोलू नगासा."

"न्हाय बोलत!" हंबीरराव ताडकन उठले. "घरचा मोठा थांबला तर त्याचा गळा कापता व्हय? आजपास्नं सगळ्यांचं झाल्याबिगर मी तोंड उघडलं, तर बापाचं नाव लावणार न्हाय!"

तेवढ्यात धोंडुबाईंनी पातेलं आणून ठेवलं. सगळे ताटावर बसले. राजनंदिनी मनानं मऊ. तिनं आपल्या हक्काची नळी पळीत धरली आणि सासऱ्यांपुढं केली.

"आण्णा, नळी तुम्हीच घ्या. देऊ न्हवं?"

हंबीररावांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण शब्द तो शब्द. डोळे मिटून ते म्हणाले, "आधी बाकीच्यांचं होऊ दे. मी थांबतो."

राजनंदिनीनं चमनकडं बघितलं. "चाचा?"

"वस्ताद थांबला व्हय?" चमननं ताट पुढं सरकवलं. "आण पोरी हिकडं. आता काय पत्त्याचा डाव न्हाय."

हंबीररावांची पाळी आली, तेव्हा पातेल्यात दोन बटाटे तरंगत होते आणि शेजारी चमन ताटावर नळी ठोकत होता.