सासरेबुवांवरचं आच्छादन

"हरितगृहावर काय घालायचं, हे मी चुटकीसरशी ठरवतो!" असं जावईबापूंनी जाहीर केलं, त्या चुटकीला आता तीन आठवडे होत आले होते. तोवर ढोबळ्या मिरचीची रोपं ट्रेसकट न्हाणीघरात मुक्कामाला होती. घरातली माणसं एका पायावर उभी राहून अंघोळ करत आणि डोळ्यांत साबण गेला तरी हात पसरत नसत.

"रविवारपर्यंत रोपं तरी जातील, नाहीतर तुम्ही तरी!" बायकोनं बजावलं.

घर सासऱ्यांचं, मागचं अंगण सासऱ्यांचं आणि बोलायचा हक्कही सासऱ्यांचाच. निवृत्त झाल्यापासून ते अखंड बोलत होते. मध्ये श्वास घ्यायला थांबत, पण तो कसा घ्यावा हेही सांगत.

जावईबापू दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काच टिकते, पण फुटते. प्लास्टिकचा कागद स्वस्त, पण फाटतो. शेडनेट हवेशीर, पण पाऊस आत येतो. पॉलिकार्बोनेटचा पोकळ पत्रा सगळ्यात उबदार, पण..."

"पण काय?"

"पण तुम्ही आजही नुसते नमुनेच नेणार."

जावईबापूंनी नमुनेच नेले, पण हातगाडीभर. मात्र येताना त्यांना शास्त्रीय विचार सुचला. आत कसं वाटतं हे झाड सांगत नाही, माणूस सांगतो! त्यांनी अंगणात कपाटाएवढे चार सांगाडे उभे केले, प्रत्येकावर एकेक आच्छादन चढवलं आणि आत एकेक खुर्ची व एकेक नातेवाईक ठेवला.

काचेत बायको. पाचव्या मिनिटाला ती लालबुंद होऊन बाहेर आली आणि तडक घरात निघून गेली. जावईबापूंनी मनात नोंद केली : काच तापते.

कागदाखाली सासूबाई. वाफेचे थेंब नेमके त्यांच्या चष्म्यावर टपकू लागले. "जावईबापू, तुमच्या मिरच्यांना सर्दी होईल हो!" म्हणत त्या पदर झटकत बाहेर पडल्या.

शेडनेटखाली मेहुणा. तो झोपला. पण तो कशाखालीही झोपतो, म्हणून त्याचा निकाल रद्द.

पॉलिकार्बोनेटमध्ये सासरे. दार लागलं आणि अंगणात काहीतरी विचित्र झालं. काय झालं ते आधी कुणालाच कळेना. मग कुंपणावरच्या चिमण्या ऐकू आल्या!

आत सासऱ्यांची धूसर आकृती हातवारे करत होती. बहुधा खत कसं घालावं यावर चाललं असावं. बाहेर चकार शब्द येत नव्हता.

सासूबाईंनी हळूच खुर्ची ओढली आणि पाय लांब केले. "जावईबापू, हेच घ्या. याहून जाड मिळतं का हो?"

"आई, पण रोपांना प्रकाश..." जावईबापू म्हणाले.

"रोपांचं नंतर बघू!"

तासाभरानं सासरे बाहेर आले, ते उजळलेल्या चेहऱ्यानं. "उत्तम आच्छादन! गुडघे मोकळे झाले. आणि मुख्य म्हणजे, मध्ये कुणी तोडलं नाही!"

शेजारच्या बाई कुंपणावरून सगळं बघत होत्या. "अहो, आमच्या ह्यांना उद्या अर्धा तास बसवता येईल का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

शनिवारी हरितगृह उभं राहिलं, सर्वात जाड पत्र्याचं. जावईबापूंनी रोपांसाठी दोन रांगा आखल्या होत्या. सासऱ्यांनी मधोमध आरामखुर्ची टाकली. शेजारचे गृहस्थ स्टूल घेऊन आले आणि दोघंही एकाच वेळी बोलू लागले. बाहेर सासूबाई आणि शेजारीणबाई न बोलता शेंगा सोलत बसल्या.

रविवार उजाडला. बायकोनं न्हाणीघराकडे बोट दाखवलं. जावईबापू ट्रे घेऊन निमूट हरितगृहात शिरले. म्हटलं, रोपं लावू आणि पाच मिनिटांत सटकू.

"या, या! आत्ताच शेजारी गेले," सासरे हर्षभरित झाले. "बसा. माझी पहिली नोकरी... त्याच्याही आधीपासून सांगतो."

इतक्यात ऊब जाऊ नये म्हणून सासूबाईंनी बाहेरून कडी लावली.

"आई! अहो आई, कडी काढा!" जावईबापू पत्र्यावर थापा मारत बेंबीच्या देठापासून ओरडले.

सासूबाईंनी कौतुकानं हसून त्यांना हात केला.

आच्छादनाची निवड अगदी अचूक झाली होती.