दोन कुलपं आणि एक कारण

पेंटर शिडीवर उभा होता आणि त्याला जोराची लघवी लागली होती. मानवी हक्क समितीच्या भिंतीवर त्यानं झोकदार अक्षरांत रंगवलं होतं, ‘प्रत्येक माणसाला सन्मानानं जगण्याचा हक्क आहे, कारण’. पुढचं कारण समितीचं अजून ठरायचं होतं, आणि तोवर सगळ्यांचे चार-चार चहा झाले होते.

“कारण देवानं त्याला घडवलं!” अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

“आणि देव न मानणाऱ्यांनी काय करायचं?” चिटणीसबाई कडाडल्या. “कारण माणसाला बुद्धी आहे, असं लिहा.”

“तान्ह्या बाळाला कुठली आलीय बुद्धी?”

“साहेब, संडासाची किल्ली...” पेंटर वरून म्हणाला.

“जरा कळ काढा हो! इथं माणसाच्या सन्मानाचा प्रश्न आहे.”

बरं, किल्ली एक असती तरी भागलं असतं! पण या दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे कपाटापासून संडासापर्यंत प्रत्येक दाराला दोन कुलपं, एकाची किल्ली यांच्याकडे, दुसऱ्याची त्यांच्याकडे.

पेंटर खाली उतरला आणि अध्यक्षांना म्हणाला, “माझं विचाराल तर देवच, साहेब.” अध्यक्षांनी खुशीत किल्ली काढून दिली.

“मग दुसरं कुलूपही देवालाच उघडायला सांगा,” चिटणीसबाई म्हणाल्या.

“तसं बाई, बुद्धीचंही खरंच आहे म्हणा...”

बाईंनी किल्ली पुढे केली आणि तेवढ्यात अध्यक्षांनी आपली हिसकावून घेतली. बिचारा पेंटर पाय आवळून रडकुंडीला आला.

इतक्यात झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या. “अगं बाई, याचं तोंड बघा जरा!” त्यांनी संडासाची कडी धरून एक हिसका दिला. दोन्ही कुलपांसकट कडी हातात आली. “स्क्रू कधीचेच गेलेत. मी रोज अशीच उघडते. जा रे बाबा.”

पेंटर हसतमुखानं बाहेर आला. “मावशी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?”

“कसली बाजू? तुला लागली होती ना?”

वाद पुन्हा सुरू झाला, पण त्यात आता दम नव्हता. अध्यक्ष खुर्चीत चुळबुळायला लागले, बाईंचंही बोलण्यात लक्ष लागेना. शेवटी दोघं एकदमच उठले आणि जवळजवळ पळतच दाराशी पोचले. दारात मावशी फडकं मारत होत्या.

“थांबा, फरशी ओली आहे. तोवर सांगा, कशाच्या जोरावर आत जायचंय? देवाच्या की बुद्धीच्या?”

“मावशी, कारण कसलं विचारताय? आधी बाजूला व्हा!” दोघं एका सुरात ओरडले.

पेंटर शिडीवर चढला. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं त्यानं स्वल्पविरामासकट ‘कारण’ पुसून टाकलं आणि ‘आहे’च्या पुढे ठसठशीत पूर्णविराम दिला.