महामंत्र्यांची हाडं परत मिळण्याबाबत

माणूस नोकरीला लागतो तो स्वतःच्या इच्छेनं, पण सुटतो तो दुसऱ्याच्या. हे सत्य आमच्या शुन राज्यात फार पूर्वीच ओळखलं गेलं होतं आणि त्याची रीतसर व्यवस्थाही लावलेली होती. दरबारी चाकरी धरताना माणूस आपला देह राजाच्या हवाली करतो. सत्तराव्या वर्षी, त्या देहातलं मांस, नजर आणि उमेद राज्याच्या कामी खर्ची पडल्यावर, उरलेली हाडं तेवढी घरी न्यायला मिळावीत असा त्यानं अर्ज करायचा असतो. राजानं तो अर्ज तीनदा नाकारायचा आणि चौथ्यांदा डोळे पुसत मंजूर करायचा. (डोळे पुसायचं फडकं विधी-खात्याकडून मिळतं. ते परत करावं लागतं.)

तीन नकारांमागे मोठा विचार आहे. एक नकार मिळाला तर लोक म्हणतात, रीत पाळली. दोन मिळाले तर माणूस बरा होता. तीन मिळाले तर माणूस थोर होता, आणि नातवंडांची लग्नं चांगल्या घरांत होतात. पूर्वी एका कोठारप्रमुखाचा अर्ज महाराजांनी जेवायची वेळ झाली म्हणून गडबडीत पहिल्यांदाच मंजूर केला, तर त्याच्या घरच्यांनी पांढरे कपडे घालून तीन महिने सुतक पाळलं. कोठारप्रमुख स्वतः जिवंत होता. तोही पाळत होता.

महामंत्री नानगोंग छी यांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्या महिन्यात, पितरांची पूजा आटोपून, पहिला अर्ज केला. चाळीस वर्षं त्यांनी राज्य सांभाळलं होतं. शुन म्हणजे उत्तरेचं बलाढ्य कुआंग आणि दक्षिणेचं बलाढ्य मो यांच्या मधली चिंचोळी पट्टी. उत्तर सीमेवरचा पहारेकरी शिंकला तर दक्षिण सीमेवरचा त्याला दीर्घायुष्य चिंतीत असे. हे राज्य आजवर कोणी गिळलं नाही याचं श्रेय सर्वस्वी नानगोंगना होतं. कुआंगला ते सांगत की शुन मनानं तुमचंच आहे, आणि मोला सांगत की शुन मनानं तुमचंच आहे. आपलंच असलेलं राज्य जिंकायला सैन्य पाठवणं दोघांनाही परवडत नसे.

पण नानगोंग थकले होते. त्यांना बेईझाओ या आपल्या गावी जाऊन, अंगणातल्या बोरीखाली बसून, बायकोच्या हातचा बोरं घातलेला राळ्याचा भात खायचा होता. दुसरी कोणतीही इच्छा त्यांच्या पोटात शिल्लक नव्हती.

त्यांची बायको मेंगबाई व्यवहारी होती. अर्ज गेला त्याच दिवशी तिनं गाडी भरली. "तीन वर्षं ना? तोवर मी पुढं होते, छप्पर शाकारून घेते," ती म्हणाली. "तुम्ही या सावकाश. पण या."

पहिल्या वर्षी महाराजांनी नाही म्हटलं, दुसऱ्या वर्षी नाही म्हटलं, तिसऱ्या वर्षी गहिवरून नाही म्हटलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मात्र तिसरा नकार रिकाम्या हातानं देणं राजाला शोभत नाही, म्हणून त्यासोबत महाराजांनी नानगोंगना 'उत्तर सीमेचे संरक्षक' केलं. नानगोंग चौथा अर्ज घेऊन विधी-खात्यात गेले तेव्हा विधीप्रमुख शाओ दान यांनी त्यांना प्रेमानं बसवलं. शाओ दान हा कर्तव्यदक्ष माणूस होता. स्वतःच्या लग्नात त्यानं स्वतःची चूक काढली होती.

"महामंत्री, हा तुमचा चौथा अर्ज नव्हे, पहिला."

"पहिला कसा? तीन नकार घेतलेत मी. मोजून."

"ते महामंत्र्याला मिळाले. उत्तर सीमेच्या संरक्षकाला अजून एकही मिळालेला नाही. नकार न मिळता गेलात तर त्या पदाची काय अब्रू राहील?"

नानगोंग स्वतः कायद्याचे जाणकार होते. युक्तिवाद बिनतोड आहे हे त्यांना कळलं, आणि ते पहिल्यापासून सुरुवात करायला घरी गेले. पुढचा हिशेब विधी-खात्याच्या बांबूच्या पट्ट्यांवर असा नोंदलेला आहे: पंचाहत्तराव्या वर्षी तिसरा नकार आणि 'युवराजांचे गुरू' हे पद, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिसरा नकार आणि 'नद्या, पूल व पूर यांचे अधीक्षक', एक्क्याऐंशीव्या वर्षी तिसरा नकार आणि 'मेजवानीतील तिपाई कढयांचे महापालक'. एकूण अर्ज बारा, नकार बारा, पदं पाच, घरी घालवलेले दिवस शून्य.

मधल्या काळात त्यांनी हातपाय हलवले नाहीत असं मुळीच नाही. नालायक ठरलो तर सोडतील, या विचारानं मोच्या दरबारात शुनचे वकील म्हणून गेले असताना ते मुद्दाम झोपले. वकिलानं भेटीला जाताना हातात जिवंत रानहंस धरायचा असतो. नानगोंग घोरायला लागल्यावर हंस सुटला आणि मोच्या सेनापतीच्या पोटरीला जाऊन डसला. ज्या राज्याचा वकील आपल्यासमोर घोरतो आणि ज्या राज्याचा पक्षीसुद्धा सेनापतीला भीत नाही, त्या राज्याचं सैन्य कसं असेल, याचा मोच्या राजानं तिथल्या तिथे विचार केला आणि दहा वर्षांचा तह करून दिला. (शुनचं सैन्य त्या वेळी चारशे नऊ माणसांचं होतं. त्यांतले नऊ ढोल वाजवत.)

मग त्यांनी मोच्या राजालाच गाठलं आणि गळ घातली, की आमच्या महाराजांना एक पत्र लिहा, म्हाताऱ्याला आता घरी जाऊ द्या म्हणून. मोचा राजा भला माणूस, त्यानं लिहिलं. पत्र वाचून शुनचे महाराज आसनावरून उठले.

"बघितलंत? हा माणूस घरी बसावा म्हणून शत्रू आपल्या पाया पडतोय! आता तर मेलात तरी सोडणार नाही, नानगोंग!"

मोला जाण्याचा रस्ता बेईझाओच्या शिवेवरून जातो. पण सरकारी वकिलानं वाटेत स्वतःच्या घरी थांबायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम तिशीच्या उत्साहात नानगोंगनी स्वतःच केला होता. त्यामुळे चौदा वर्षांत नऊ वेळा ते आपल्या बोरीच्या समोरून धुरळा उडवत गेले. मेंगबाई रस्त्याच्या कडेला उभी असायची.

"अहो, जरा टेकता का?"

"सरकारी काम आहे गं!"

"मग रथ तरी हळू हाका! मला तुमचं तोंड दिसत नाही, नुसती दाढी दिसते!"

एकदा तिनं धावत्या रथात भाताचं गाठोडं फेकलं. ते सारथ्याला लागलं. सारथ्यानं ते आवडीनं खाल्लं आणि भात उत्तम झाल्याचं महामंत्र्यांना अदबीनं कळवलं. त्या दिवशी नानगोंग आयुष्यात पहिल्यांदा एका नोकराचा मनापासून हेवा करत सीमेपर्यंत गेले.

शहात्तराव्या वर्षी त्यांनी विधी-खात्याकडे लेखी विचारणा केली, की सगळी हाडं एकदम देणं राज्याला जड जात असेल तर थोडी थोडी मिळतील काय? शाओ दान यांनी आठ महिने अभ्यास केला. दात हे हाडच आहे; आणि जो आपण होऊन पडतो त्यानं राजसेवा पूर्ण केली असं समजावं, असा निर्णय झाला. तेव्हापासून महामंत्र्यांचा दात पडला की तो लाखेच्या डबीत घालून, दोन शिपाई, एक ध्वज आणि एक ढोल यांसह बेईझाओला रवाना होई. गावकरी वाकून नमस्कार करत. अशा रीतीनं अकरा दात सन्मानानं निवृत्त झाले. मेंगबाईची पोच दर वेळी येत असे. अकराव्या वेळची अशी: 'दात मिळाला. बोरं आता ठेचून घालावी लागतील असं दिसतं. उरलेले दात तुम्ही स्वतः घेऊन या. ढोलामुळे कोंबड्या अंडी देत नाहीत.'

पोच लिहिलेली ती बांबूची पट्टी त्यांनी उशाशी ठेवली होती. खरं सांगायचं तर म्हाताऱ्याला मेंगबाईची फार आठवण येत असे.

त्र्याऐंशीव्या वर्षी महाराज वारले आणि नानगोंगचे शिष्य युवराज, वय वर्षं तेवीस, गादीवर बसले. पुढच्या दुसऱ्या महिन्यात नानगोंगनी आपला पंधरावा अर्ज (कढयांचे महापालक या नात्यानं तिसरा) सादर केला. दरबार सवयीनं गहिवरला. शाओ दान फडकं घेऊन पुढे सरकले.

"ठीक आहे, मंजूर," नवे महाराज म्हणाले.

फडकं शाओ दान यांच्या हातून पडलं.

"महाराज," नानगोंग म्हणाले, "आपली थोडी चूक होतेय. आपण नाही म्हणायचं असतं."

"पण गुरुजी, तुम्हाला जायचंय ना?"

"जायचंय."

"चौदा वर्षं जायचंय?"

"चौदा वर्षं."

"मग जा की! मनात असेल ते मोजक्या शब्दांत बोलावं, हे तुम्हीच मला शिकवलंत."

नानगोंगनी आजूबाजूला पाहिलं. कोणीतरी काहीतरी बोलेल, निदान खोकेल, असं त्यांना वाटलं. पाचही पदांवर डोळा ठेवून बसलेले पाच जण अत्यंत आदरानं जमिनीकडे पाहत होते.

तीन दिवसांनी ते बेईझाओला पोचले. मेंगबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, आठ दातांना झेपेल असा मऊ भात वाढला आणि समोर बसली. चौदा वर्षांनी ती दोघं एका चटईवर बसली होती. नानगोंगनी घास उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"त्यानं एकदासुद्धा नाही म्हटलं नाही गं."

"भात निवतोय."

"एकदा. खोटं खोटं तरी."

पुढचे तीन महिने ते बोरीखाली बसले, पण तोंड रस्त्याकडे करून. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायचे, कुआंगनं स्वारी केली का? नाही. मोनं? नाही. पूर? यंदा पूरच नाही, आजोबा. नवा वकील एकतीस वर्षांचा आहे, मोच्या दरबारात तो सबंध वेळ जागा असतो आणि हंसही नीट धरतो, तिकडं फार आवडला म्हणे सगळ्यांना. हे ऐकलं त्या दिवशी नानगोंग जेवले नाहीत. ज्या शांततेसाठी त्यांनी चाळीस वर्षं आणि वर चौदा वर्षं घातली ती आपल्यावाचून तशीच नांदते आहे, हे त्यांना फार लागलं.

चौथ्या महिन्यात त्यांनी विधी-खात्याला सोळावा अर्ज पाठवला. विषय: दिलेली मंजुरी रद्द होऊन रीतसर नकार मिळण्याबाबत. शाओ दान यांना आनंदाश्रू आवरेनात. उलट टपाली निर्णय आला: मागणी योग्य आहे. मात्र नकार वर्षाला एकच देता येतो, सबब अर्जदारानं तीन वर्षं राजधानीत हजर राहून ते घ्यावेत. तिसऱ्यासोबत येणारं पद सध्या ठरायचं आहे.

नानगोंगनी पेटी भरली. उंबऱ्यापाशी जोडे पायात घातले, काढले, पुन्हा घातले.

"तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "मी निघू?"

मेंगबाई शेंगा सोलत होती. तिचं वय एकोणऐंशी होतं आणि तीन वर्षं म्हणजे किती, हे तिला त्या घरात सगळ्यांत नीट कळत होतं. तिनं म्हाताऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शेंगांची सुपली खाली ठेवली, उठली, कपडे झटकले आणि दरबारात उभं राहावं तशी ताठ उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली.

नानगोंग चपापले. सवयीनं त्यांची कंबर वाकली. "देह थकला आहे," त्यांच्या तोंडून अर्जाची भाषा आपोआप बाहेर पडली. "हाडं... मी निघू?"

"नाही. तुमच्यावाचून इथं चालायचं नाही."

त्यांचा चेहरा उजळायला लागला. "अजून एकदा विचारतो हं. निघू?"

"नाही, नाही आणि नाही!" मेंगबाईनं पदराच्या टोकानं डोळे पुसले, आणि ते विधी-खात्याच्या फडक्यावाचून पुसलेले होते. "आणि आजपासून कोंबड्यांचे महापालक तुम्ही. ढोल बंद झाल्यापासून बऱ्या आहेत, पण तुमची नजर हवी. काढा ते जोडे."

नानगोंग छी यांनी जोडे काढले, आत गेले आणि भाताची तीन वाडगी जेवले. पुढे ते वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगले, आणि कोंबड्यांबाबत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नोंदलेली नाही.

गोष्ट संपली. म्हाताऱ्याला तुम्ही मघापासून हसताय, ते मी पाहतोय. असो. तुम्हालाही कामं असतील, घरी वाट पाहत असतील. इतका वेळ बसलात हेच पुष्कळ झालं. उठा, या आता. मी अजिबात आग्रह करणार नाही.

का हो? तोंड का उतरलं?